मान उचलते का, ते पाहा!

शेतकरी बंधूंनो, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-मजूर दगावले. ते आपण विसरलो नाही.

अशा रोग्याचा श्वास सांभाळायला श्वसनोपचाराचे विद्यार्थी अतिदक्षता विभागात खाटेशेजारी उभे राहूनच शिकतात. पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा, घशातला कफ यंत्राने ओढायचा, व्हेंटिलेटरवर नजर ठेवायची. त्यातला एक धडा आपल्याही कामाचा आहे. रोग्याला उशीवरून डोके उचलायला सांगतात. मान उचलत नसेल, तर श्वासाचे स्नायूही थकत आहेत असे समजून सावध होतात.

प्रोफेनोफॉससारख्या औषधाच्या विषबाधेत अॅट्रोपिनने लाळ, कफ आटोक्यात येतो. पण स्नायूंची ताकद त्याने परत येत नाही. माणूस बोलायला लागतो, चहा मागतो, अन् एक ते चार दिवसांत श्वास अडकू शकतो. म्हणून ‘बरा दिसून राह्यला, घरी नेतो’ म्हणून घाई करू नका. डॉक्टर सुटी देतील तेव्हाच निघा.

विषबाधा झाल्यास भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा अन् लगेच दवाखाना गाठा. औषधाचा डबा चिठ्ठीसकट संगे न्या. डबा पाहिला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.