काळ्या पाण्यातील खत

माकुणसार हे पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात बागायती वाड्या आहेत, तशीच मिठागरेही आहेत. वाडीला खत हवे असते, तर मिठागरात मीठ काढून घेतल्यावर केवळ कडू पाणी उरते. हे कडू पाणी आणि शहराचा कुजका कचरा यांच्या साहाय्याने पिकांसाठी खत मिळू शकते, असे सांगितले तर कोणासही नवल वाटेल. परंतु रसायनशास्त्राने ही गोष्ट शक्य केली आहे.

मुंबईतील देवनार येथे १९२७ साली कचरा टाकण्यास प्रारंभ झाला. अशा ठिकाणी कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे कुजत राहतात. पावसाचे पाणी त्यांतून झिरपते व तळाशी काळे, दुर्गंधीयुक्त पाणी साचते. त्यास 'लीचेट' म्हणतात. ते मोकळे सोडले, तर विहिरी नासतात आणि खाडीतील मासे मरतात. म्हणून आधुनिक कचराभूमीच्या तळाशी अभेद्य थर घालून हे पाणी नळांवाटे गोळा करतात.

या पाण्यात अमोनिया पुष्कळ असतो. उष्ट्या अन्नातील व भाजीपाल्यातील नत्र हवेवाचून कुजला की त्याचा अमोनिया होतो. माशांना तो विष आहे. पिकांना मात्र त्यातील नत्र हे अन्न आहे. मग तो पाण्यातून वेगळा कसा करावा?

प्रथम पाण्यातील गाळ काढतात. नंतर त्यात मॅग्नेशियम व फॉस्फेट मिसळून ते किंचित अल्कधर्मी करतात. तेव्हा अमोनिया या दोहोंशी संयोग पावतो आणि पांढरे स्फटिक तळाशी बसतात. या खनिजास 'स्ट्रुव्हाइट' म्हणतात. १८४५ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात ते प्रथम ओळखले गेले. ते पाण्यात सावकाश विरघळते. त्यामुळे पिकाला त्याचे पोषण हळूहळू मिळत राहते. यासाठी लागणारे मॅग्नेशियम मिठागरातील त्या कडू पाण्यात विपुल असते, आणि असे पाणी वापरून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत.

तथापि येथे सावधगिरी हवी. कचऱ्यात बॅटऱ्या व रंगांचे डबे असले, तर शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू पाण्यात उतरतात. म्हणून खत तपासल्यावाचून शेतात घालता येत नाही; उरलेले पाणीही पुन्हा शुद्ध करावे लागते.

हा सारा खटाटोप कमी करण्याचा उपाय घरातच आहे. ओला कचरा आरंभीच निराळा ठेवून त्याचे खत केले, तर त्यातील नत्र काळ्या पाण्यात न जाता सरळ मातीस मिळतो.