सात दिवसांची तबकडी

श्रोतेहो, दीर्घ साधनेवांचून कला नाहीं, असें आपण मानितों. या समजुतीला छेद देणारी एका तबकडीची हकीकत आज सांगतों.

१९७४ सालीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील चार तरुणांनीं ‘रामोन्स’ हा वाद्यवृंद काढला. वादनाची तालीम त्यांना बेताचीच होती. त्या काळीं रॉक संगीतांत एकट्या गिटारचें लांबलचक वादन बोकाळलें होतें. तें त्यांनीं अजिबात वगळलें. तीन-चार स्वरमेळ, अतिद्रुत लय आणि दोनेक मिनिटांत संपणारें गाणें, एवढेंच त्यांचें भांडवल. यालाच पुढें ‘पंक रॉक’ म्हणूं लागले.

फेब्रुवारी १९७६ मध्यें रेडिओ सिटी म्यूझिक हॉलच्या इमारतींत त्यांची पहिली तबकडी सुमारें सात दिवसांत, ६,४०० डॉलरांत ध्वनिमुद्रित झाली. २३ एप्रिल रोजीं ती प्रसिद्ध झाली : १४ गाणीं, एकूण २९ मिनिटें. अमेरिकेंतील खपाच्या यादींत ती १११ व्या क्रमांकावरच अडली. लंडनमधील कित्येक तरुण वादकांनीं मात्र तिचाच कित्ता गिरविला.

पांच लाख प्रतींच्या खपाचें ‘सुवर्ण’ मानचिन्ह तिला २०१४ च्या एप्रिलांत मिळालें. तोंवर चौघांपैकीं तिघे निवर्तले होते. चौथा, टॉमी, त्याच वर्षीं जुलैंत गेला. कलावंतांनीं न केलेली दीर्घ साधना श्रोत्यांना मात्र करावी लागली : ३८ वर्षांची.