हौशी रेडिओ : लेखांक ७
अक्षर संथ की अंतर संथ?

‘हळू पाठवा’ असे सांगायला हॅम मंडळींकडे तीन अक्षरे आहेत : क्यूआरएस. समोरचा फार वेगाने की दाबत असला, की ही अक्षरे पाठवायची आणि त्याने वेग उतरवायचा. जगभरचा हा शिष्टाचार आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. भांडण पुढच्या प्रश्नावरून लागते. वेग उतरवायचा म्हणजे नेमके काय उतरवायचे?

मोर्सचा हिशेब मात्रांचा आहे. डिट एका मात्रेचा, डा तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन ठोक्यांमध्ये एक मात्रा विराम, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात, कारण पुढच्या विरामासकट तो बरोबर ५० मात्रांचा भरतो. मिनिटाला ५ शब्दांच्या गतीत एक मात्रा ०.२४ सेकंदाची होते, १२ शब्दांच्या गतीत ०.१ सेकंदाची. ‘सी’ हे अक्षर घ्या : डा-डि-डा-डिट, एकूण ११ मात्रा. पाचच्या गतीत ते अडीच सेकंदांहून अधिक चालते, बाराच्या गतीत जेमतेम सव्वा सेकंदाच्या आत संपते.

अडीच सेकंद पुष्कळ झाले. तेवढ्यात शिकाऊ माणूस ‘लांब, आखूड, लांब, आखूड’ असे मोजतो, मनातल्या मनात तक्ता उघडतो, बोट फिरवतो आणि ‘सी’ लिहून मोकळा होतो. गती वाढली की हा तक्ता उघडायला वेळच उरत नाही. मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास बहुतेकांची गाडी अडते, असे जुने शिक्षक सांगत आले आहेत. स्काउटच्या पुस्तकातला ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करून आलेल्यांचे हाल तर अधिकच होतात. त्यांनी मोर्स डोळ्यांनी शिकलेला असतो आणि परीक्षा असते कानांची.

आता आपल्याकडचे नियम पाहा. भारतातल्या हौशी रेडिओच्या १९७८च्या नियमांत दुसऱ्या श्रेणीच्या परवान्याला मिनिटाला ५ शब्द आणि पहिल्या श्रेणीला १२ शब्द अशी अट होती. म्हणजे एक पायरी अडथळ्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे. पाचला मोजून मोजून पास झालेला माणूस बाराच्या तयारीला लागला, की त्याला शिकलेले सगळे विसरून नव्याने सुरुवात करावी लागे. पुढे श्रेणी बदलल्या. खालच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ परवान्यातून मोर्स गेला आणि वरच्या ‘जनरल’ परवान्याला ८ शब्दांची गती ठरली. पाच मिनिटांत २०० अक्षरांचा उतारा घ्यायचा, तसाच पाठवायचाही. आठ हा आकडा मोठा अडचणीचा आहे. नेटाने मोजणारा कसाबसा तग धरतो, पण एक अक्षर हुकले की पुढची चार घेऊन जाते.

या अडथळ्याचा शास्त्रीय अभ्यासही जुना आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७मध्ये तार शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख छापले. हार्टर स्वतः तारखात्यात काम केलेला. पाठवण्याची गती सरळ वाढत जाते, घेण्याची गती मात्र मुख्य मार्गावर काम मिळण्याइतकी व्हायच्या आधीच आठवडेच्या आठवडे सपाट राहते, असे त्यांना दिसले. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा सपाट टप्पा अजरामर झाला. गंमत अशी की साठ वर्षांनी फ्रेड केलर याने तो टप्पा म्हणजे भूत आहे, असे म्हणत लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल शिक्षणासाठी पद्धत बसवणारा हा माणूस. त्याच्या पद्धतीत संकेत वाजे, विद्यार्थी अक्षर लिही आणि मागोमाग आवाजात उत्तर ऐकवले जाई. थोडक्यात, अडथळा माणसाच्या मेंदूत आहे की शिकवण्याच्या रीतीत, यावरच जाणकारांचे एकमत नाही. हॅम क्लबात दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले तर नवल कसले?

हॅम मंडळींचे मुख्य दोन पंथ फार्न्सवर्थ आणि कोख या नावांनी ओळखले जातात.

डोनाल्ड ऊर्फ रस फार्न्सवर्थ हा अमेरिकी हॅम, कॉल साइन डब्ल्यू६टीटीबी. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरच्या मोर्स अभ्यासक्रमामुळे पद्धतीला त्याचे नाव चिकटले. अक्षर वेगातच वाजवायचे, संथपणा फक्त अक्षरांमधल्या आणि शब्दांमधल्या अंतरात आणायचा, हे तिचे सूत्र. तबल्याचा मास्तर ठाय लयीत ‘धा’ लांबवत नाही, दोन बोलांमधली जागा वाढवतो, तसेच हे. आपल्या आठ शब्दांच्या परीक्षेला हे लावून पाहू. अक्षर १८ शब्दांच्या गतीचे ठेवले तर मात्रा ०.०६७ सेकंदाची होते. एकंदर गती आठच राखायची तर दोन अक्षरांमधला विराम नेहमीच्या ०.४५ सेकंदावरून सुमारे ०.८६ सेकंदापर्यंत जातो. मोजायला सवड नाही, आठवायला आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीगने या अंतरांचे गणित १९९०मध्ये पक्के केले.

लुडविग कोख हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्याचा प्रबंध १९३६चा. त्याला वाढीव अंतराची सवलतही मंजूर नव्हती. पहिल्या दिवसापासून पूर्ण गती, पण अक्षरे फक्त दोन. ती शंभरातली नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे. आजच्या सरावसाधनांत सुरुवात बहुधा ‘के’ आणि ‘एम’ने होते : डा-डि-डा आणि डा-डा. चौदा तासांच्या आतल्या सरावात विद्यार्थी मिनिटाला १२ शब्द घेऊ लागले, असा त्याचा दावा होता. कोखची पूर्ण गती ही बाराचीच होती, हे आजचे त्याचे कट्टर अनुयायी सोयीस्करपणे विसरतात आणि नवशिक्याला थेट वीसच्या गतीत ढकलतात.

कोखवाल्यांचा फार्न्सवर्थवर आक्षेप असा, की लांब विराम ही कुबडी आहे. माणूस त्या रिकाम्या जागेत विचार करायला शिकतो आणि विराम आखडला की पुन्हा अडतो. फार्न्सवर्थवाले म्हणतात, तुमच्या पद्धतीत चाळीस चिन्हे पुरी होईपर्यंत विद्यार्थ्याला हवेतला एकही संदेश वाचता येत नाही, महिनाभर ‘के-एम-एम-के’ ऐकून तो कंटाळतो आणि रेडिओ माळ्यावर जातो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच बरीचशी सरावसाधने दोन्ही पद्धती एकत्र करतात.

तिसरा पंथही आहे आणि त्याला मागास म्हणून उडवून लावणे बरे नव्हे. सरळ की वापरणारे, अक्षर आणि अंतर दोन्ही संथ ठेवून निवांत बोलणारे हे लोक. २००३मध्ये जिनिव्हाच्या रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढली, २००७मध्ये अमेरिकेने तिची शेवटची अटही रद्द केली. सक्ती गेल्यावर उरला तो आवडीचा व्यवहार. २००६मध्ये निघालेला स्ट्रेट की सेंच्युरी क्लब हाताच्या कीवरच्या मोर्सलाच वाहिलेला आहे. त्यांची अडचण खरी आहे. निव्वळ वेगवान अक्षरे ऐकून तयार झालेल्या कानाला यांचे लांबवलेले ‘सी’ ओळखूच येत नाही. एरंडोलहून परीक्षेला निघालेल्या मुलाने हे आधीच लक्षात घ्यावे. परीक्षकाने उतारा प्रमाण मात्रांत, म्हणजे संथ अक्षरांत वाजवला, तर फार्न्सवर्थची सारी तयारी ऐन वेळी परकी वाटू शकते.

संथपणाची कमाल मात्र क्यूआरएसएस नावाच्या प्रकारात आहे. त्यात एक डिट तीन सेकंदांचा, कधी सहा, कधी दहा. तीन सेकंदांच्या हिशेबाने ‘पॅरिस’ हा एक शब्द पाठवायला अडीच मिनिटे लागतात. इतका संथ संकेत फारच अरुंद पट्ट्यात मावतो. त्यामुळे काही मिलीवॉट शक्तीचे प्रक्षेपण समुद्रापलीकडे पोहोचते आणि कानाला काहीही ऐकू येत नसताना संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते. हा मोर्स नव्हेच, अशी कानवाल्यांची तक्रार. पण मोर्सच्या मूळ यंत्रातही संदेश कागदी पट्टीवर उमटत असे. यंत्राच्या आवाजावरूनच तो वाचता येतो, हा शोध तारवाल्यांनी काम करता करता लावला. भुसावळसारख्या जंक्शनांच्या तारघरांत पुढे कट्ट-कडकट्टवर जे काम चालले, ते या शोधाच्या जोरावर. डोळ्यांनी वाचलेल्या मोर्सला खोटा ठरवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

नवशिक्याने काय करावे? अक्षर कधीही बाराच्या खाली ऐकू नये, अंतर हवे तितके वाढवावे आणि आठवड्याआठवड्याने कमी करत जावे. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मात्र प्रमाण मात्रांतले आठचे उतारे ऐकावेत. हुकलेल्या अक्षराच्या मागे धावू नये, जागा कोरी सोडून पुढे जावे. परवान्याच्या अभ्यासक्रमात पाचपेक्षा जास्त चुकांना नापास म्हटले आहे, पण त्याच ठिकाणी एक सवलतही आहे : पाच मिनिटांत कुठेही सलग एक मिनिट बिनचूक उतरले, तर उमेदवार उत्तीर्ण.

(पुढील लेखांकात : सरळ की घरी कशी बनवावी)