जुनी बोट घेताना

गेल्या पंधरवड्यात आमच्या टेबलावर एक पत्र येऊन पडले. ते ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरहून आले होते. जियाजीराव कापड गिरणीच्या आसऱ्याने वाढलेली ही कामगारांची वस्ती. गिरणीचा भोंगा थांबून आता बराच काळ लोटला. वस्ती मात्र आहे, आणि तेथे आमच्याच किनाऱ्यावरचा एक गृहस्थ एका लहानशा कारखान्यात नोकरी करून संसार चालवीत आला आहे. पुढील वर्षी तो निवृत्त होणार. समुद्रापासून इतकी वर्षे दूर राहूनही कोळ्याच्या पोराच्या अंगातले खारे पाणी काही आटत नाही. त्याने लिहिले होते :

"फादर, धाकट्या भावाने एक बोट पाहिली आहे. केबिनवाली आहे. मोबाइलवर फोटो आले आहेत. रंग नवा आहे, केबिन तर फारच सुरेख. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आणि आईच्या पाटल्या मिळून रक्कम भागते. मालक म्हणतो, आठ दिवसांत बयाणा द्या, दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे. बोट आली की आपण आशीर्वाद द्याल ना?"

आशीर्वाद आम्ही अवश्य देऊ. परंतु त्याआधी काही सांगणे आम्हांस भाग आहे, आणि ते ह्या एका गृहस्थापुरते नाही. आपल्या कोळीवाड्यांतून नवी बोट बांधण्याची ऐपत आता थोड्यांची उरली आहे. पुष्कळ घरे जुन्या बोटीकडेच वळतात. म्हणून त्या पत्राचे उत्तर आम्ही येथे, सर्वांसमक्ष देत आहोत.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावरील धर्मग्रामात होतो. तेथील दोन भावांनी अशीच एक जुनी बोट घ्यावयाचे ठरविले. आदल्या रात्री त्यांची आई आमच्याकडे आली. पदराआड हात घेऊन ती उभी राहिली. हातांत बांगड्या नव्हत्या. तिने विचारले, "फादर, घेऊ का?" आम्ही म्हणालो, "बाय, देवावर भरवसा ठेवा." दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीवर पवित्र पाणी शिंपडले. निळापांढरा नवा रंग, नाळेला झेंडूच्या माळा, केबिनच्या काचेवर क्रूस. मुलांना पेढे वाटले गेले. आम्हीही सर्वांप्रमाणे रंगच पाहिला.

नोव्हेंबरपर्यंत पाणी उपसणारा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागू लागला. जानेवारीत बोट वर ओढली. इंजिनाखालच्या बाजूस फायबरचा पातळ थर काढताच आतील फळीत सुरी मुठीपर्यंत गेली. डागडुजीचा अंदाज खरेदीच्या किमतीच्या जवळपास जाऊन पोहोचला. त्यातच पहिल्या मालकाने सोसायटीमार्फत घेतलेले कर्ज बोटीवर शिल्लक असल्याचे उघडकीस आले. बोट मोडीत निघाली, लाकूड सरपणाच्या भावाने गेले. कोणी बुडाले नाही, ही परमेश्वराची कृपा. मात्र अंगणात भिंत उभी राहिली, आणि ते दोघे भाऊ आजही मिस्सेला एका बाकावर बसत नाहीत. त्या माउलीने आम्हांला देवाविषयी विचारले नव्हते. तिने बोटीविषयी विचारले होते. ज्याला बोटीतले कळते त्याच्याकडे तिला पाठविणे हे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही.

तेव्हापासून बोटबांधणीच्या एका वृद्ध मिस्त्रीच्या पायाशी बसून आम्ही जे शिकलो, ते येथे मांडतो.

मिस्त्रीचा पहिला नियम असा, की पाण्यात तरंगणारी बोट कधी विकत घेऊ नये. पाण्यात बोटीचा अर्धाच देह दिसतो, आणि तोही बरा अर्धा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. खरेदीदाराला ह्याहून चांगला मुहूर्त नाही. शाकारणीखाली शिरावे आणि नाळेपासून मागपर्यंत बोटीची पाठ एकदा नजरेने मापावी. मध्ये उचललेली आणि दोन्ही टोकांना झुकलेली बोट म्हणजे कणा वाकलेला माणूस. तिचे सांधे कितीही भरले तरी ते पुन्हा उघडणारच.

मग लहान हातोडी घ्यावी आणि फळी फळी ठोकून पाहावी. निकोप साग टणक बोलतो. कुजलेले लाकूड बद्द आवाज देते. संशय आला तेथे टोच्याने टोचावे. मालकाने कपाळाला आठी घातली तर घालू द्यावी. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रातल्या किड्याचे भोक बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढे दिसते, आत मात्र त्याचा बोगदा बोटभर रुंद होऊ शकतो. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळे पडले असेल तर खिळा गंजून सैल झाला असे समजावे.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण खाऱ्या पाण्याला दोष देतो, परंतु लाकूड कुजते ते अधिक करून गोड्या पाण्याने. पावसाचे पाणी केबिनच्या कोपऱ्यांतून झिरपते, बर्फ वितळून मासळीच्या कप्प्याखाली साचतो, इंजिनाखालच्या अंधारात ओल राहते आणि वारा लागत नाही. कूज तेथे जन्मते. म्हणून मिस्त्री बोटीत शिरला की आधी खाली वाकतो, आणि नाकाने वास घेतो. आम्हांला प्रथम हसू आले होते. आता आम्हीही वास घेतो.

जुन्या लाकडावर चढविलेल्या फायबरविषयी सावध राहावे. चांगल्या, कोरड्या लाकडावर चढविलेले फायबर बोटीचे आयुष्य वाढविते ह्यात शंका नाही. मात्र ओल्या, कुजक्या फळीवर तेच चढविले की ते मलमपट्टीसारखे जखम झाकते आणि आत पू धरतो. फायबर केव्हा चढविले, कोणी चढविले, त्यापूर्वी किती फळ्या बदलल्या, हे विचारावे. शक्य झाल्यास त्या कारागिरालाच जाऊन भेटावे.

ह्याचा अर्थ डागडुजी केलेली बोट टाकाऊ असा कोणी घेऊ नये. १९८६ साली दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसारच्या किनाऱ्यावर मच्छिमारी करणाऱ्या दोन भावांना चिखलात एक प्राचीन होडी सापडली. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची ती होडी दोन हजार वर्षांमागची, म्हणजे प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची, असे विद्वानांनी ठरविले. ती प्रभूच्या शिष्यांची होती असे कोणी म्हणू शकत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु तिच्या लाकडांकडे पाहावे. फळ्या बहुतेक देवदाराच्या, वाक ओकचे, आणि त्यांशिवाय हाताशी आले ते लाकूड वापरलेले, दहाबारा जातींचे. काही फळ्या तर आधीच्या होडीतून काढून आणलेल्या. गरीब माणसाने पुन्हा पुन्हा ठिगळे लावून ती चालविली, आणि अखेरीस उपयोगी भाग काढून घेऊन सोडून दिली. जोड उघड दिसत असेल तर त्याची परीक्षा करता येते. आम्हांला भीती वाटते ती रंगाखाली दडविलेल्या जोडाची.

आता केबिनकडे वळू, कारण पत्रात तिचेच कौतुक अधिक होते. लहान केबिन ही मोठी सोय आहे हे आम्ही मान्य करतो. सुकाणूवर बसणाऱ्याला ऊन-वारा लागत नाही. वायरलेस आणि जीपीएस कोरडे राहतात. डोल जाळे लावून ओहोटी-भरतीची वाट पाहताना दोघे-तिघे आळीपाळीने पाठ टेकू शकतात. तथापि केबिन ही बोटीच्या डोक्यावरची पाटी होय. पाटी जड झाली की चाल बिघडते. मूळ बोट बिनकेबिनची असून केबिन मागाहून बसविली आहे काय, हे आधी विचारावे. तिच्या छपरावर पाण्याची टाकी, जाळ्यांचा ढीग, दोरांची वेटोळी चढविलेली असतील, तर उधाणाच्या दिवशी बोट कशी डुलेल ह्याचा विचार करावा. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरली की एका बाजूस चारपाच माणसे उभी करून एकदम मागे घ्यावीत. चांगली बोट चटकन सरळ होते. जी क्षणभर विचार करीत झुकून राहते, ती घेऊ नये. आणखी एक : आतून दार अडले तर बाहेर पडावयास दुसरी वाट आहे काय, हे केबिनमध्ये बसून पाहावे. खिडकीतून आपल्या घरातला सर्वांत जाड माणूस निघेल काय? हा प्रश्न विनोदाचा नव्हे.

इंजिनाविषयी मालक सर्वांत जास्त बोलतो, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. ते सकाळी थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वी गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी न कळविता जावे. तेल दुधासारखे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. पंख्याचा दांडा हाताने हलवून पाहावा. 'जुन्या बोटीला नवे, मोठे इंजिन बसविले आहे' ह्या बढाईने भुलू नये. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा व शक्तिकुळंगरा येथे मच्छिमारी सुधारण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. तेथेही आपल्यासारखीच पुष्कळ कॅथलिक मच्छिमार कुटुंबे आहेत. तिथल्या परंपरागत होड्यांवर इंजिने बसविण्याचे प्रयोग प्रथम झाले. ते साधले नाहीत, आणि शेवटी इंजिनासाठीच निराळ्या आराखड्याच्या लहान बोटी बांधाव्या लागल्या. जे लाकूड जेवढा हादरा सोसावयास बांधले तेवढाच ते सोसते. मोठे इंजिन जुन्या बोटीचे खिळे रोज थोडेथोडे ढिले करीत असते, आणि मालक मात्र तिच्या वेगाचे गुण गातो.

कागद पाहण्याचा आपल्या माणसांना कंटाळा आहे. २००८ साली 'कुबेर' ही मच्छिमारी बोट बळकावून अतिरेकी मुंबईवर चालून आले, तेव्हापासून समुद्रात कागदांची तपासणी फार कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. नोंदणीच्या दाखल्यावरील क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी आणि इंजिनाचा क्रमांक इंजिनाशी स्वतः ताडून पाहावा. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखालील परवाना कोणाच्या नावे आहे आणि तो कोणत्या जाळ्यासाठी आहे, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावे. आपल्याकडील कितीतरी बोटी राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सोसायट्यांमार्फत बांधल्या गेल्या आहेत. म्हणून ज्या सोसायटीतून ती बोट डिझेल घेत आली, तिच्याकडून 'येणे बाकी नाही' असा लेखी दाखला हाती आल्याशिवाय बयाण्याचा एक रुपयाही देऊ नये. आमच्या त्या दोन भावांनी नेमका हाच दाखला मागितला नव्हता. मालक ओळखीचा होता, मागणे बरे दिसले नसते, असे ते म्हणाले.

बोट घेतली म्हणजे खर्च संपला असेही नाही. जाळी, दोर, नांगर, बर्फ, डिझेल, लाइफ जॅकेट, विमा, आणि हंगामापूर्वी खलाशांना द्यावयाची आगाऊ रक्कम हे सर्व पुढे उभेच असते. हातातील एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात जी बोट बसेल तीच आपली, असे आमचे मत आहे. ऑगस्टमध्ये बोट आणि मे महिन्यात सावकार, हा क्रम आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. शिवाय ती चालविणार कोण? धाकटा भाऊ तांडेल आहे, ठीक. पण त्याची मुले शहरात नोकरीला असतील आणि सर्व खलाशी बाहेरगावचे आणावे लागणार असतील, तर त्या बोटीला घरची बोट म्हणण्यापूर्वी वहीत हिशेब मांडून पाहावा.

राहता राहिल्या आईच्या पाटल्या. आपल्या घरांतून बोट पुरुष पाहतात आणि सोने बायका देतात. मासळी विकावयास त्याच बसतात, बोंबील त्याच सुकवितात, कोणत्या बोटीने किती आणले आणि कोणती बोट किती दिवस बंद पडली होती हे बाजारात बसल्याबसल्या त्यांना तोंडपाठ असते. एवढे असून खरेदीच्या बोलण्यात त्यांना चहा करण्यापुरतेच बोलावतात. त्या बोटीचा मालक ती का विकतो, हे भावाला चार महिन्यांत कळणार नाही; आईला एका सकाळी कळेल.

बिर्ला नगरच्या गृहस्थाला आम्ही खाजगी पत्रात इतकेच कळविले, की फोटोत रंग दिसतो, पठाण दिसत नाही. आठ दिवसांची घाई ज्याला आहे त्याला ती असू द्या. जूनमध्ये रजा काढून या. मिस्त्रीला आम्ही सांगून ठेवतो, त्याची एका दिवसाची मजुरी तुम्ही द्या. सुरी कोठे शिरत नाही आणि दाखला हाती आला, तर आशीर्वादाचा दिवस त्याच वेळी ठरवू. मालकाने तोवर बोट दुसऱ्याला विकली, तर किनाऱ्यावर शाकारलेल्या बोटी आणखी आहेत.

काल त्याचे उत्तर आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्याचे तिकीट त्याने काढले आहे. भाऊ थोडा रागावला आहे असे तो लिहितो. आईने मात्र त्याच्याकरवी आम्हांस निरोप धाडला आहे, की त्या दिवशी ती बाजाराला बसणार नाही. बंदरावर येणार आहे, आणि टोच्या घरचाच आणणार आहे.