ज्वारीचा आलू पराठा: गव्हाशिवाय सारण बाहेर का येतं आणि उकड काढल्यावर ते आत कसं राहतं?

ज्वारीचं पीठ भिजवलं, गोळ्यात बटाट्याचं सारण भरलं, लाटायला घेतलं आणि लाटणं दोनदा फिरताच बटाटा बाहेर आला. गहू बंद केलेल्या अनेक घरांत पहिला पराठा असाच होतो. यात हाताचा दोष नसतो. गव्हात जे असतं ते ज्वारीत नसतं, आणि ते नाही म्हणूनच तर ज्वारी निवडलेली असते.

ते म्हणजे ग्लूटेन. गव्हात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी घालून कणीक मळली की ती एकमेकांत गुंततात आणि रबरासारखी ताणली जाणारी जाळी तयार होते. पुरणपोळी इतकी पातळ लाटली जाते की आतलं पुरण दिसतं, पण फुटत नाही, ते या जाळीमुळे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा यांत अशी जाळी तयार होत नाही. कितीही मळलं तरी पीठ ताणलं जात नाही. भाकरी सहसा लाटण्याऐवजी थापली जाते, त्यामागचं कारणही हेच.

उत्तर मोदकात आहे

उकडीच्या मोदकात गव्हाचा कणही नसतो, तरी पारी सारण धरून ठेवते. कारण तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवून घेतलेलं असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पिठातलं स्टार्च पाणी शोषून फुगतं आणि चिकट होतं. गव्हात जे काम प्रथिनं करतात, ते इथे काही प्रमाणात स्टार्च करतं. ज्वारीलाही हेच लागू पडतं.

एक वाटी पिठाला एक वाटी पाणी घ्या. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळी आणा, पीठ घालून ढवळा, गॅस बंद करा आणि दहा मिनिटं झाकण ठेवा. नंतर हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. गार झालेली उकड मळली तर कडा चिरतात. कोरडी वाटली तर पाण्याचा हात लावा. पीठ मात्र ताजं हवं. जुन्या पिठाची विरी जाते, हे भाकरी करणाऱ्याला सांगायला नको. पर्याय नसेल तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घाला, थोडी पकड येते. काही जण उकडीतच एक उकडलेला बटाटा कुस्करून घालतात. त्याने पराठा डब्यातही मऊ राहतो.

सारण कोरडं हवं. बटाटे उकडल्यावर पूर्ण गार करून किसा, कांदा टाळा, कारण मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं. गव्हाच्या पराठ्याइतकं सारण भरायचा मोह आवरलेला बरा. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून गोळा आधी हातानेच दाबायचा आणि शेवटी हलकं लाटणं फिरवायचं. तरीही फुटत असेल तर दोन छोट्या पोळ्या करा, मध्ये सारण पसरा आणि कडा दाबून घ्या. दिसायला साटोरीसारखं होतं, चवीला पराठाच.

हौस असेल तर ठीक, आजार असेल तर?

वजन किंवा ट्रेंड म्हणून ग्लूटेन सोडलेल्यांनी इथवर वाचलं तरी चालेल. सीलिएक आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मग अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, मुलांची वाढ खुंटते. यावरचा उपाय म्हणजे ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद.

भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आता गिरणीचा विचार करा. गहू दळल्यावर त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली आणि किलोभर पिठात अवघं एक ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं, तर? गव्हाच्या पिठात ग्लूटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा धरला तरी हे १०० मिलिग्रॅम झालं, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. डोळ्यांना ते दिसणारही नाही. त्यामुळे अशा घरात ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळणं किंवा तपासलेलं पाकीटबंद पीठ घेणं, हेच मार्ग उरतात.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत. बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या बहुतेक हिंगात पीठ मिसळलेलं असतं आणि अनेकदा ते गव्हाचं असतं. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. तिसरी चूक सवयीची: लाटताना हात आपसूक कणकेच्या डब्याकडे जातो. लावायला तांदळाचं पीठ घ्या आणि पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, लाकडाच्या भेगांत कणीक अडकून राहते.

आणि खपली गहू? ‘पचायला हलका’ म्हणून तो सध्या जोरात विकला जातो, पण तोही गहूच. त्यात ग्लूटेन असतं. सीलिएक असलेल्यांना तो चालत नाही, जव आणि राय हेही नाहीत.

घरात कुणाला या आजाराची शंका असेल, तर तपासणीआधी गहू बंद करू नका. निदानासाठी रक्तातल्या अँटीबॉडी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासतात. गहू आधीच सोडलेला असेल तर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा आणि तपासण्या होईपर्यंत नेहमीची पोळी चालू ठेवायची का, हे त्यांनाच विचारा.