सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेतील संशोधन आणि त्याचा खर्च

भाजल्याने किंवा अपघाताने विद्रूप झालेल्या अवयवाला पूर्वरूप देणे हे सुघटन शस्त्रक्रियेचे कार्य होय. निरोगी शरीर अधिक सुंदर दिसावे यासाठी जी केली जाते, ती सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया. दोहोंचे तंत्र बरेचसे समान असले, तरी त्यांमागील संशोधनाचा खर्च मात्र एकाच मार्गाने भागत नाही.

पहिल्या प्रकारच्या संशोधनाला सरकारी साहाय्य मिळत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांच्या उपचाराचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने पीटर मेडावर यांनी ग्लासगो येथे टॉमस गिब्सन यांच्यासह त्वचारोपणाचा अभ्यास केला. दुसऱ्याची त्वचा शरीर का स्वीकारत नाही, याचा उलगडा या कार्यातून होत गेला. १९६० साली मेडावर यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेला असा आश्रय क्वचितच लाभतो. तिचा खर्च बहुधा व्यक्ती स्वतःच करते आणि रोगनिवारणासाठी राखलेला सार्वजनिक निधी तिच्याकडे सहसा वळत नाही. त्यामुळे संशोधनाचा भार मुख्यतः साधने बनवणाऱ्या कंपन्या आणि शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी उभारलेले निधी यांच्यावर पडतो. काही शल्यचिकित्सक स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींवरूनही अभ्यास करतात. त्याला खर्च थोडा लागतो. परंतु रुग्णांची संख्या लहान असते आणि जे पुन्हा तपासणीस येत नाहीत, त्यांचे पुढे काय झाले हे कळत नाही.

या व्यवस्थेचे परिणाम सिलिकोनच्या कृत्रिम स्तनांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी ते प्रथम वापरले. डाऊ कॉर्निंग कंपनीने ते तयार केले होते. वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ साली झाला. तथापि, आधीपासून बाजारात असलेल्या साधनांची विक्री चालूच राहिली. कंपन्यांनी पुढे सादर केलेला सुरक्षिततेचा पुरावा अपुरा ठरला, आणि १९९२ साली अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी होणारा त्यांचा वापर थांबवला. म्हणजे तीस वर्षे वापर झाला, तरी पुरेसा पुरावा जमला नव्हता. १९९९ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. या साधनांमुळे सर्वांगीण रोग होतात असे तिला आढळले नाही. मात्र साधन फुटणे, भोवतालचा भाग कठीण होणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे प्रकार वारंवार घडतात, असे तिने नमूद केले.

२००६ साली दोन कंपन्यांना पुन्हा परवानगी मिळाली, ती हजारो स्त्रियांची दहा वर्षे पाहणी करण्याच्या अटीवर. परंतु विक्रीची परवानगी हाती आल्यावर अशा दीर्घ पाहणीत उत्पादकाला व्यापारी लाभ फारसा उरत नाही. अट पाळण्यात कसूर झाल्याबद्दल २०१९ साली प्रशासनाला दोन उत्पादकांना लेखी ताकीद द्यावी लागली.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग पत्करला. तेथे केंद्र सरकारच्या पैशातून मोनॅश विद्यापीठामार्फत अशा साधनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाऊ लागली. कोणते साधन केव्हा बसवले आणि केव्हा व का काढावे लागले, याची नोंद तीत होते. एखाद्या साधनात दोष असल्यास तो कोणा एका शल्यचिकित्सकाच्या मोजक्या रुग्णांवरून ध्यानात येणे कठीण असते; देशभरातील नोंदी एकत्र आल्या, म्हणजे तो लवकर उघडकीस येऊ शकतो.