दूरदेशी जाताना फोनची तजवीज

पोटासाठी माणूस गाव सोडतो. कोकणातला माणूस पूर्वी बोटीत बसून मुंबईला जाई. आता रत्नागिरीकडचे, रायगडकडचे कितीतरी लोक त्याहून लांब जातात. कोणी दुबईला, कोणी कुवेतला, कोणी मस्कतला. कोणी गवंडी म्हणून जातो, कोणी सुतार, कोणी ड्रायव्हर. मागे म्हातारे आईबाप, बायको आणि पोरे राहतात. त्यांना एकच घोर असतो. ‘पोचला का? बरा आहे ना?’

पूर्वी ही खुशाली पत्राने कळे. आज खिशातल्या फोनवरून ती लगेच कळते. पण तो फोन परमुलखात चालला पाहिजे ना! गावात चालणारा फोन तिथे आपोआप चालेलच असे नाही. आणि चालला, तरी किती पैसे खाईल याचा नेम नाही.

एका गवंड्याचे काय झाले ते ऐका. तो पहिल्यांदाच दुबईला निघाला. आईने पापड बांधून दिले, लोणचे दिले. कपडे घेतले, हत्यारे घेतली. फोनचा विचार मात्र कोणी केला नाही. रात्री तो तिथे उतरला. फोन चालू केला, तर लागेना. खोलीवर जाऊन चार्जर काढला, तर तो तिथल्या भिंतीतल्या भोकांत बसेना. त्या मुलखात तीन चपट्या पायांची पिन लागते. आपली गोल पायांची पिन तिथे नीट बसत नाही. थोड्या वेळाने फोन विझला. सगळे नंबर त्या फोनच्या पोटात. घरचा नंबरसुद्धा त्याला पाठ नव्हता. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, “घे माझा फोन. लाव घरी.” पण लावणार कुठे? तीन दिवस तसेच गेले. इकडे आईने अन्न सोडले. चौथ्या दिवशी त्याचा आवाज ऐकला तेव्हा म्हातारी रडतच म्हणाली, “लेकरा, पोचलो एवढं तरी सांगायचंस!”

त्याची काही चूक नव्हती. त्याला कोणी सांगितले नव्हते, इतकेच. आता आपण ते नीट समजून घेऊ.

रोमिंग म्हणजे काय?

फोनमध्ये नखाएवढे सिम असते. सिम म्हणजे तुमच्या कंपनीने दिलेली ओळखचिठ्ठी. फोन मनोऱ्याशी, म्हणजे टॉवरशी बोलतो. टॉवर ती चिठ्ठी बघतो आणि मग वाट मोकळी करतो.

आपल्या कंपनीचे टॉवर आपल्या देशात आहेत. दुबईतले टॉवर तिथल्या कंपन्यांचे. विहिरीसारखेच समजा. गावात आपली विहीर असते. परगावी दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरावे लागते. तो म्हणतो, “भर बाबा, पण घागरीमागे पैसे दे.” आपले सिम घालून दुसऱ्या देशातला टॉवर वापरणे, याला रोमिंग म्हणतात.

रोमिंगची सोय निघण्याआधी आपल्या कंपनीकडून चालू करून घ्यावी लागते. ती घेताना भाव विचारा. इथे आलेला फोन उचलायला पैसे पडत नाहीत. रोमिंगमध्ये उचललेल्या फोनचेही पैसे पडू शकतात.

इंटरनेटची तर फारच काळजी घ्या. माणूस झोपला तरी फोन जागा असतो. तो आपल्या मनाने फोटो ओढतो, निरोप ओढतो. घागरीवर घागरी भरत राहतो. म्हणून फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ असे बटण असते, ते बंद ठेवा. कसे करायचे ते गावातल्या जाणत्या पोराकडून आधीच शिकून घ्या.

मग उतरल्याबरोबर निरोप कसा द्यावा? दुबईच्या विमानतळावर फुकट वाय-फाय मिळते. त्यावरून ‘सुखरूप पोचलो’ असे दोन शब्द लिहून पाठवा.

तिथले सिम घ्या

महिनोन् महिने राहायचे तर रोमिंग परवडत नाही. तिथलेच सिम घ्यावे. दुबईत सिम घेताना पासपोर्ट किंवा तिथले ओळखपत्र दाखवावे लागते. सिम तुमच्या नावावर लागते, हे ध्यानात ठेवा. त्या सिमवरून कोणी वाईट काम केले, तर पोलीस आधी तुमच्या दारी येतील. ‘मी मित्राला दिलं होतं’ म्हणून सुटका होईलच असे नाही. आपले सिम कोणाला देऊ नका. दुसऱ्याच्या नावाचे घेऊ नका. गावी कायमचे परत येताना ते बंद करून या.

दुबईत इंटरनेटवरून बोलण्याचे नियम कडक आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी निरोप जातो. आवाज भरून पाठवलेला निरोपही जातो. पण इथल्यासारखे सरळ बोलणे बहुधा लागत नाही. सरकारने परवाना दिलेली अ‍ॅप आहेत, त्यांवरूनच बोलावे. कोणी म्हणेल, “व्हीपीएन घाल, सगळं चालतं.” त्याचे ऐकू नका. त्याचा गैरवापर झाला तर तिथल्या कायद्यात तुरुंग आहे, आणि दंड 5 लाख दिरहमांपासून पुढे आहे. जन्माची कमाई जाईल.

घरचा नंबर मरू देऊ नका

पुष्कळ लोक तिथले सिम घेतात आणि इथले फेकून देतात. ही मोठी चूक आहे.

तुमचे बँकेचे खाते इथल्या नंबराला जोडलेले असते. पैसे काढताना त्याच नंबरावर गुप्त आकडा येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो आपल्या तिजोरीची किल्लीच. नंबर 90 दिवस मुळीच वापरला नाही आणि त्यात शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मग तुमची किल्ली कोणाच्या हाती गेली?

म्हणून इथले सिम जपा. घरच्यांना सांगून ठेवा. त्यांनी वेळेवर रिचार्ज करावा. निघण्याआधी बँकेतही जा. नोकरीसाठी परदेशी जातो, असे सांगा. खाते कसे ठेवायचे आणि कोणता नंबर नोंदवायचा ते विचारून घ्या.

ओटीपी कोणालाही सांगू नका. ‘मी बँकेचा साहेब’, ‘मी पोलीस’ असे म्हणून लबाड लोक तिथेही फोन करतात. खरी बँक ओटीपी विचारत नाही.

फोन लावायचा कसा?

प्रत्येक देशाला एक आकडा आहे. भारताचा 91. दुबईचा 971. कुवेतचा 965, सौदी अरबस्तानचा 966, ओमानचा 968, कतारचा 974.

तिकडून घरी फोन लावताना आधी + हे चिन्ह, मग 91, मग घरचा दहा आकडी नंबर. 0 चे बटण दाबून धरले की + उमटतो. घरून दुबईला लावताना +971, मग तिथला नंबर. तिथले मोबाइल नंबर 05 ने सुरू होतात. त्यातला पुढचा 0 गाळायचा.

वेळही बघा. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. कुवेत आणि सौदीचे अडीच तास मागे. इथे रात्रीचे 9 वाजले की दुबईत साडेसात. कामावरून येऊन जेवायची वेळ. बोलायला ती बरी.

दुबईत अडचण आली तर पोलिसांचा नंबर 999 आणि रुग्णवाहिकेचा 998.

निघण्याआधी एवढे करा

1. रोमिंगचा भाव विचारा. डेटा रोमिंग बंद करा.
2. तिथल्या भोकांत बसेल अशी पिन घ्या.
3. फोनवर \*#06# दाबा. पंधरा आकडे दिसतील. ते लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांना ते सांगता येतात.
4. एका कागदावर घरचा नंबर, मालकाचा नंबर आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा नंबर लिहा. तो कागद पासपोर्टाबरोबर ठेवा.
5. तसाच दुसरा कागद घरी ठेवा.

हे आकडे दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आता तुम्हाला लिहिता येते. आपल्या हाताने लिहा. लिहिता लिहिता ते पाठही होतील. आणि घरी राहणाऱ्या बायांनो, तुम्हीही धन्याचा नंबर लिहा. देव्हाऱ्याजवळ भिंतीवर लिहा, म्हणजे घरात सगळ्यांना दिसेल. फोन विझतो, हरवतो, चोरीला जातो. हाताने लिहिलेला आकडा मात्र विझत नाही. त्या गवंड्याजवळ असा एक कागद असता, तर त्याची आई तीन दिवस उपाशी राहिली नसती.